दर्यापूरचे दर्यावर्दी

दर्यापुरात दर्या नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुण्या-मुंबईकडची मंडळी नावावरून फसतात. सोळाव्या शतकातल्या दर्या इमादशहावरून हे नाव पडलं असं म्हणतात. आता त्या शहानं तरी दर्या पाहिला होता की नाही, देव जाणे. अमरावती जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. इथल्या विहिरींचं पाणी खारट लागतं. म्हणजे मीठ तेवढं आमच्यापर्यंत येऊन पोचलं, समुद्र मात्र वाटेत कुठंतरी राहिला!

तर अशा या दर्यापुरात आमचे साडू राहतात, आणि त्यांनी आजवर चार समुद्रसफरी केल्या आहेत. त्याही साध्यासुध्या बोटीतून नव्हेत. लहान आणि अतिशय महाग अशा बोटींतून. घराण्याचा धंदा जिनिंग-प्रेसिंगचा. समुद्रप्रवासाची परंपरा म्हणाल तर ती या घरात आधी कापसाच्या गाठींनी सुरू केली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस बोटीत बसला; वऱ्हाडचा माणूस मात्र धुऱ्यावर उभा राहून भाव काय निघाला ते विचारीत राहिला. बडनेरा रोडवरचा एक प्लॉट विकून आमच्या साडूंनी हा जुना अनुशेष एकट्यानं भरून काढला.

यात आमचं काही बिघडलं नव्हतं. पण परतल्यावर त्यांनी चारही सफरींचं वर्णन दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि वही माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तुम्ही लिहिता-बिहिता. जमलं का नाही ते सांगा जी. अन् साडू हाये म्हणून भीड ठेवू नका." भीड ठेवू नका असं सांगणारा माणूस भीड ठेवा असं सुचवत असतो, हे बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरीसुद्धा वही मी शेवटपर्यंत वाचली, आणि त्या एका वहीच्या निमित्तानं एकूणच या बोटवाङ्मयाबद्दल मला जे वाटलं ते इथं मांडतो.

आधी ही लहान बोट म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. हल्ली समुद्रात तरंगती शहरं फिरतात. २०२४ साली पाण्यात फिरू लागलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. आमच्याकडची चार-पाच खेडी जनगणनेसकट उचलून त्यात ठेवता येतील. लहान बोट म्हणजे याच्या बरोबर उलट. शंभर-दोनशे प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला जवळजवळ तेवढीच माणसं. ती अरुंद खाड्यांत शिरते, मोठ्या जहाजाला जिथं नाक घालता येत नाही अशा बंदराला लागते. काही ठिकाणी तर कायदाच लहानांच्या बाजूचा आहे. गॅलापागोस बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक प्रवाशांच्या बोटीला फिरू देत नाहीत. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभरावर प्रवासी उतरवायचे नाहीत असा दंडक आहे आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर ते उतरवताच येत नाहीत. तेव्हा लहान बोट हा नुसता श्रीमंतांचा नखरा आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. तिला पाहायला मिळतं ते मोठीला मिळत नाही, हे साडूंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

तिची दरपत्रकं मात्र मी व्यवसायाच्या सवयीनं बारीक अक्षरातल्या अटींपासून वाचली. एकट्या माणसानं जायचं ठरवलं तर खोलीतल्या न आलेल्या दुसऱ्या माणसाचंही भाडं, कधी थोडं कधी पुरतं, त्यानंच भरायचं. गैरहजर माणसाकडून वसुली करणं आम्हाला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. या लोकांनी ते छापील दरपत्रकात जमवलं आहे. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांची एक मंडळी असते. किती रात्री बोटीवर काढल्या त्याप्रमाणे मान वाढतो, छातीला बिल्ला मिळतो. जेवणाच्या टेबलावर पहिला प्रश्न 'नाव काय' हा नसतो, 'कितवी?' हा असतो. आमच्याकडे शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते, तिच्यातही 'कितवी वारी?' असं विचारतात. फरक इतकाच, की तिथं आकडा सांगताना माणूस मान खाली घालतो.

आता वहीकडे वळू. साडूंचा पहिला गुण म्हणजे ते खोटं लिहीत नाहीत. सूर्यास्त पाहून त्यांना काही झालं नाही, तर 'सूर्यास्त पाहिला' एवढंच लिहून ते पुढं जातात. सूर्यास्ताच्या पोटी दीड पान उपमा घालणाऱ्या प्रवासवर्णनकारांच्या तुलनेत हे मला फार सुखाचं वाटलं. दुसरा गुण हिशेबीपणा. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर कोर्चुला बेटाला बोट किती वाजता लागली, अलास्कात हिमनदीसमोर किती वेळ थांबली, सगळं मिनिटावर आहे. दोष आहे तो याच्या पलीकडे. वहीतले जेवणाचे उल्लेख मी मोजले. ते एकशे बारा भरले. समुद्राचे एकोणीस. त्यातल्या अकरा ठिकाणी 'समुद्र शांत होता' असं आहे, म्हणजे जेवण पचलं. उरलेला मजकूर खोली, गादी, उशांची यादी (उशी निवडायला यादी देतात!), आणि रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलाची घडी घालून ठेवलेला हंस, हत्ती नाहीतर माकड यांचा.

साडूंना मी आडून सांगितलं ते इथं उघड सांगतो. हे प्रवासवर्णन नाही, हे पासबुक आहे. मिळालेल्या प्रत्येक गोष्टीची तारीखवार नोंद आहे आणि शिल्लक बरोबर जुळते. पासबुकाला मी नावं ठेवणार नाही. त्यावर माझं घर चालतं. पण पासबुकात एकाच खात्याच्या नोंदी असतात. दुसऱ्या कुणाच्या खात्यात काय चाललं आहे, हे त्यावरून कळत नाही. आणि प्रवासवर्णन आपण वाचतो ते त्या दुसऱ्या खात्यांसाठीच. लिहिणाऱ्यानं सूप प्यायलं हे कळून आपलं पोट थोडंच भरणार आहे!

हा दोष एकट्या साडूंचा नाही. बोटीच्या सुखावर लिहिलेलं मी जे जे थोडंफार वाचलं त्या बहुतेकांची गाडी इथंच अडते. पण अडायलाच हवी असंही नाही. अगदी सुरुवातीची उदाहरणं घ्या. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीनं इंग्रज कादंबरीकार थॅकरे याला भूमध्य समुद्रातून इजिप्तपर्यंतचं तिकीट फुकट दिलं. फुकट तिकीट म्हटल्यावर आपण काय लिहिलं असतं, ते आपलं आपल्याला ठाऊक आहे. थॅकरेनं १८४६ साली पुस्तक काढलं, त्यात कंपनीचे आभार मानले आणि बोट लागून आपली काय दैना झाली तेही लिहिलं. पुढं १८६७ साली न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट निव्वळ हौसेच्या प्रवासाला निघाली. प्रवासी पाऊणशेच्या आत, भाडं साडेबाराशे डॉलर, आणि प्रवाशाचं चालचलन तपासायला समिती! जामीनदार मागितला नाही एवढंच. हीच म्हटलं तर आजच्या लहान बोटीची पणजी. तिच्यावर मार्क ट्वेन होता. त्याच्या तिकिटाचे पैसे वर्तमानपत्रानं भरले होते. त्यानं १८६९च्या पुस्तकात आपल्या सहप्रवाशांची जी गंमत उडवली, ती वाचून त्या समितीला आपण या माणसाला पास कसा केला याचा पश्चात्ताप झाला असणार. पण त्यामुळंच ती माणसं आज जिवंत आहेत. त्या बोटीवर काय शिजत होतं ते वाचल्याचं मला आठवत नाही, तिच्यावर कोण कोण होतं ते आठवतं.

यावर साडूंचं उत्तर तयार होतं. "ते लेखक होते जी. आम्ही सरकी काढणारे." ठीक आहे. मग आपल्याकडचीच माणसं घेऊ. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली होती इतकंच. डॉक्टर व्हायला चालल्या होत्या आणि नवरा मागं राहिला होता. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, आणि त्या प्रवासाची हकिकत त्यांनी मराठीत लिहून पाठवली. आणि खुद्द आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे! वऱ्हाडचे नवाब म्हणून ज्यांची ख्याती, असा हा माणूस १९०८ साली बोटीत बसला तो टिळकांच्या शिक्षेविरुद्ध विलायतेत दाद मागायला, आणि १९१०पर्यंत तिकडे खटपट करीत राहिला. ऐषारामाची सवय असलेला वऱ्हाडी माणूस समुद्रावर कसा वागतो, याचा दाखला आमच्या घराजवळच होता.

पण इथं टीकाकारानं जरा जपून पाऊल टाकावं. या थोरांची नावं घेऊन साडूंना हिणवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. प्रत्येकानं बोटीत बसताना देशकार्याची पिशवी बरोबर घ्यावी असा काही नियम नाही. माणसानं तीस वर्षं सरकीच्या धुळीत खोकत काढली आणि मग पंधरा दिवस पांढऱ्या चादरीवर पडून पाण्याकडे पाहिलं, तर त्यात कुणाचं काही जात नाही. मौजेचं प्रवासवर्णनही उत्तम असू शकतं. फक्त मौज करताना डोळे उघडे हवेत.

आणि डोळे मिटण्याची सोय या सुखसोयीतच कशी असते, याचं उदाहरण साडूंच्या पहिल्याच सफरीत आहे. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली. जपानी बांधणीची, शंभराच्या वर खोल्या, वर पोहण्याचा हौद. नाव कान्होजी आंग्र्यांचं आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रात असलेल्या पोवळ्यांच्या बेटाचं. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली, पण साडू त्याच्या आधल्या वर्षी जाऊन आले. ही बोट दुपारी चारच्या सुमारास मुंबई सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला लागायची. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. म्हणजे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सगळी आंग्र्यांची आणि शिवरायांची दौलत अंधारात निघून गेली! साडूंच्या वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे : 'झोप उत्तम लागली.' कान्होजींच्या नावाच्या बोटीत बसून कान्होजींचा मुलूख झोपेत ओलांडायचा, हे काम इंग्रजांच्या आरमारालासुद्धा जमलं नव्हतं.

याच पाण्यातून पूर्वी कोकणबोट जायची. अगदी १९८०च्या दशकापर्यंत जायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत घेत ती पणजीला पोचायची. ती बहुतेक ठिकाणी धक्क्याला लागत नसे. दूर उभी राहायची, आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीतून हलत्या पडावात म्हातारी, पोर, ट्रंक आणि फणस असं सगळं उतरायचं. डेकवर वळकटी पसरली तेवढी जागा आपली. या बोटीवर कोकणातली माणसं आजही तासन् तास बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात शेजारच्या वळकटीवर कोण होतं ते हमखास येतं.

पण म्हणून हालअपेष्टा म्हणजे खरा प्रवास आणि सुख म्हणजे खोटा, असा निकाल मी देणार नाही. हा निकाल आरामखुर्चीत बसून फार सुंदर देता येतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. त्यांना पडावाची गंमत नको होती, सुखरूप घरी पोचायचं होतं. गर्दीच्या बोटीचं कौतुक करताना ही माणसं आठवावीत. २००७ साली अंटार्क्टिकाजवळ 'एक्सप्लोरर' ही लहान सफरी बोट बर्फाला धडकून बुडाली, तेव्हा तिच्यावरचे एकशे चोपन्नच्या एकशे चोपन्न वाचले. सुखसोयीत सुरक्षितपणाही येतो, आणि तो आला म्हणून कुणी तक्रार करू नये.

तेव्हा बोट लहान की मोठी, स्वस्त की महाग, हा मुद्दाच नाही. मुद्दा सापडला तो वहीच्या एकशे एकेचाळिसाव्या पानावर. अलास्काच्या सफरीत, दोन जेवणांच्या मधे, साडूंनी एक ओळ लिहिली आहे : 'आमची खोली पाहणारा पोरगा मालवणचा निघाला.' बस्स. पुढच्या ओळीत साल्मन मासा आहे.

या ओळीपाशी मी वही मिटून बराच वेळ बसलो. अहो, ज्या मालवणसमोर कोकणबोट उभी राहायची, तिथला पोरगा जगाच्या दुसऱ्या टोकाला, हिमनदीसमोर उभ्या बोटीत, दर्यापूरच्या जिनिंगवाल्यासाठी टॉवेलाचा हंस करतो आहे! दोनशे पानांत साहित्य म्हणावं अशी ही एकच ओळ, आणि लेखकाला तिचा पत्ताच नाही. लहान बोटीची जाहिरात काय असते? 'इथं प्रत्येक जण तुम्हाला नावानं ओळखतो.' साडूंनी हे तीनदा मोठ्या कौतुकानं लिहिलं आहे. पण ओळख म्हणजे दोन बाजूंची गोष्ट. एकीकडचाच माणूस नाव पाठ करत असेल तर ती नोकरी झाली. आमच्या वऱ्हाडात भर उन्हात दारी आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी देतात आणि मग विचारतात, "कोन्या गावचे जी?" नाव, गाव, पाहुणा कुणाचा, हे कळेपर्यंत यजमानाला चैन पडत नाही. त्या चौकशीचा पाहुण्याला कधी कधी जाच होतो, पण तिच्यातून दोघंही सुटत नाहीत. महागड्या बोटीवर ही चौकशी करण्यापासून माणसाला सूट मिळते. मला वाटतं, भाड्यातला मोठा भाग या सुटीचाच असतो.

मी साडूंना विचारलं, "त्या पोराचं नाव काय हो?"

"होतं काहीतरी. छातीवर पट्टी होती नावाची." साडू म्हणाले. "पोरगा मोठा चांगला. टिप दिली ना मी त्याले."

आतून माझी आकडसासू, म्हणजे साडूंची मंडळी, चहा घेऊन बाहेर आल्या. "नाव नाही लिवलं का ह्यायनं?" म्हणाल्या, आणि मग कप हातात तसाच धरून त्यांनी जे सांगितलं ते वहीत कुठंच नव्हतं. पोराचा आजा पडावावर होता. बोट बंद झाली तसा पडाव गेला, बाप मासे विकायला लागला. पोरगा एकदा बोटीवर चढला की आठ-नऊ महिने घरी नाही. त्याची मुलगी तो निघाला तेव्हा रांगत होती. चालायला लागलेली त्यानं फोनवर पाहिली. ताईंनी घरून नेलेली जवसाची चटणी त्याला दिली. ती त्याला फारशी आवडली नाही, हेही त्यानं खरं खरं सांगितलं. "अन् आमच्यासाठी तो हंस रोज वेगळा कराचा," ताई म्हणाल्या. "मी त्याले म्हटलं, कायले मेहनत करतं बाबा? तं म्हने, मावशी, हात चालू ऱ्हायला का घर आठोत नाही."

चार सफरी दोघांनी मिळून केल्या. भाडं दोघांचं सारखंच. एकानं दोनशे पानं लिहिली, आणि प्रवास केला तो दुसरीनं.

माझा लेखी अभिप्राय मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला आहे. भाषा स्वच्छ, तपशील बिनचूक, शुद्धलेखन समाधानकारक. जेवणाचे उल्लेख निम्म्यावर आणावेत. पान एकशे एकेचाळीसवरील मजकूर अपुरा असून तेथे सौ. ताईंकडून सुमारे चाळीस पानांची भर घालून घ्यावी, त्यांना लिहायचा कंटाळा असल्यास त्यांनी सांगावे व साडूंनी उतरून घ्यावे. मालवणच्या गृहस्थांचे नाव त्यांना विचारून, त्यांची हरकत नसल्यास, घालावे.

साडूंनी अभिप्राय दोनदा वाचला. चश्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हरकत हाये का नाही ते विचाराचं म्हणजे त्या पोराले फोन करा लागते. नंबर कुठून आणाचा?"

ताईंनी पदराला हात पुसले आणि फोन उचलला. नंबर त्यांच्याकडे होता.